दहा चकरा, विश्रांतीसकट

१५ नोव्हेंबर १९३७, सोमवार

आज निश्चय केला. ६ फेब्रुवारीला मध्यप्रांत दौड मंडळाची मॅरॅथॉन आहे. इंदोरा नाक्यापासून रामटेकच्या गडाच्या पायथ्यापर्यंत, सव्वीस मैल. एका ऑफिसातून एकच माणूस घेणार. आमच्या ऑफिसच्या स्पोर्ट्स क्लबचा सेक्रेटरी मी. क्लबात सध्या एक कॅरमबोर्ड आहे आणि मी आहे. तेव्हा कोण धावणार हा प्रश्नच नाही.

वय छत्तीस. पोट थोडं आहे, पण ते बसण्याचं पोट आहे, खाण्याचं नव्हे.

वाचनालयात एका इंग्रजी मासिकात लेख वाचला. युरोपातले लोक नुसते धावत सुटत नाहीत. ते पाव मैल धावतात, दोन मिनिटं चालतात, पुन्हा पाव मैल. असं दहा वेळा. आणि दहाही वेळा घड्याळात वेळ सारखीच आली पाहिजे. पहिल्या चकरेला जोर करायचा नाही, शेवटच्या चकरेला मरायचं नाही. सगळं रहस्य त्यात आहे. टाइम ठरवला : पाव मैलाला दीड मिनिट.

उद्या पहाटेपासून.

१६ नोव्हेंबर

थंडी फार. उद्यापासून.

१९ नोव्हेंबर

शेजारचे मारोतराव शाळेत ड्रिल मास्टर आहेत. त्यांनी स्टॉपवॉच दिलं, आणि कस्तुरचंद पार्कवर चुन्यानं पाव मैलाचं गोल रिंगणही आखून दिलं. आता घड्याळ धरायला माणूस हवा. ऑफिसात कवडू नावाचा बदली शिपाई आहे, रजेवरच्या एकाच्या जागी तात्पुरता. त्याला विचारलं, सकाळी साडेसहाला येशील का? तो म्हणाला, हो जी. कुठून येतो, किती लांबून येतो, हे विचारायचं राहिलं.

२१ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८

पहिला दिवस. ऐतिहासिक.

पहिली चक्कर : १ मिनिट १६ सेकंद! ठरल्यापेक्षा चौदा सेकंद आधी. माझ्यात इतकं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.
दुसरी : १ मिनिट ३५.
तिसरी : २ मिनिटं १०.
चौथी : मध्ये गाय आली. धरलेली नाही.
पाचवी ते दहावी : पुढच्या वेळी.

कवडू घड्याळ माझ्या हातात देत म्हणाला, ‘पयल्याच चक्करमंधी एवढं धावान, त पुढं काय उरन बाबूजी?’ त्याला सायन्स समजावून सांगितलं. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण.

२८ नोव्हेंबर, रविवार

पहिली १.१८. दुसरी १.४४. तिसरीत पोटात कळ आली. रिंगणाबाहेर बसून निरीक्षण करावं असं ठरवलं; ट्रेनिंगमध्ये निरीक्षणालाही महत्त्व आहे. निरीक्षण करायला कोणीतरी धावायला हवं, म्हणून कवडूला धावायला सांगितलं. त्यानं चपला काढल्या, टोपी चपलांवर ठेवली आणि निघाला.

१.२८. १.२८. १.२७. १.२८. १.२८. १.२९. १.२८. १.२८. १.२८. १.२७.

दहा चकरा. मधे दोन-दोन मिनिटं चालला, ती पण घड्याळाकडे न बघता बरोबर. मी आधी घड्याळ हलवून बघितलं. चालू होतं.

माझं मत असं की त्याच्यात प्रगती दिसत नाही. पहिली चक्कर तशीच दहावी. स्पिरिट कमी आहे.

६ डिसेंबर, सोमवार

कवडूची माहिती काढली. हा मनसरच्या पुढल्या जंगलातल्या रस्त्यानं टपालाची थैली घेऊन धावायचा. रोज सहा मैल जाणं, सहा मैल येणं, नऊ वर्षं. मग मोटार सुरू झाली, थैली मोटारीत गेली. आता आमच्याकडे बदलीवर. बायको सुभद्रा आणि तो पारडीला राहतात. म्हणजे माझं घड्याळ धरायला तो पहाटे चार-पाच मैल चालत येतो.

हे ऐकून बरं वाटलं नाही. पण माणसाला सवय असते.

आज तीन चकरांनंतर भूक अनावर झाली. कवडूनं फडक्यातली भाकर आणि ठेचा पुढे केला. दीड भाकर खाल्ली. दुपारी एक वाजता ऑफिसात पाहिलं, सगळे शिपाई डबे सोडून बसले होते, कवडू नळावर पाणी पिऊन राहिला होता. ती त्याची दुपारची भाकर होती. उद्या घरून त्याच्यासाठी डबा न्यायचा.

६ डिसेंबर

डबा विसरलो.

१२ डिसेंबर, रविवार

आज पूर्ण निर्धारानं सावकाश सुरुवात करायची असं ठरवलं होतं. पण रस्त्यानं दोन ओळखीचे वकील फिरायला निघाले होते. ते बघत असताना सावकाश कसं धावणार? पहिली १.१५, हा माझा रेकॉर्ड. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर दुसरी १.५८.

कवडू : १.२८, १.२८, पुढंही तेच. आता लिहीत पण नाही.

२५ डिसेंबर, शनिवार

नाताळची सुट्टी. ट्रेनिंगलाही सुट्टी, शरीराला नियमित विश्रांती हवी. अरुंधतीनं विचारलं, अहो, सव्वीस मैल म्हणजे किती चकरा होतात? मी म्हटलं, असा विचार करायचा नसतो. तिनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं, एकशे चार. बाईला मॅट्रिकपर्यंत शिकवल्याचे परिणाम.

तिनं दुसरंही विचारलं : एवढं छान धावतो तो कवडू, मग तोच काहून नाही धावत ऑफिसातर्फे? मी म्हटलं, क्लबचा मेंबर लागतो. तिनं विचारलं, मेंबर कोण करतं? मी म्हटलं, सेक्रेटरी.

मग ती कोथिंबीर निवडत राहिली.

९ जानेवारी १९३८, रविवार

बडे बाबू मनोहरराव यांनी काल बोलावून सांगितलं की साहेबांना नाव पाठवायचं आहे, पण नियमानं व्हावं. कोणी दोन-तीन जण इच्छुक असतील तर त्यांची परीक्षा घ्या, टाइम लिहून द्या, साहेब ज्याचा टाइम चांगला त्याचं नाव पाठवतील. शिपायांपैकीही कोणी असला तर घ्या म्हणाले. मी म्हटलं, अवश्य. माझं धोरण पहिल्यापासून लोकशाहीचंच आहे.

परीक्षा १६ तारखेला ठरवली. उमेदवार : मी आणि कवडू. दहा चकरा.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. तिळाचे लाडू सहा. रविवारी परीक्षा असल्यानं सातवा नाकारला.

१६ जानेवारी, रविवार. सकाळी १०

परीक्षा झाली. घड्याळ मारोतरावांनी धरलं, आकडे मी लिहिले.

कवडू : दहा चकरा, प्रत्येकी १.२८. मारोतराव म्हणाले, माझ्या उभ्या नोकरीत असा माणूस पाहिला नाही. जरा अतिशयोक्ती करण्याची त्यांना सवय आहे.

मी : पहिली १.१६. दुसरी १.४०. तिसरी २.०५. चौथी पूर्ण केली. पाचवीत चालत होतो असं मारोतरावांचं म्हणणं. माझ्या मते ते हळू धावणं होतं. सहावीच्या आधी त्यांना शाळेतल्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून ते निघून गेले. परीक्षा घेणाराच गेल्यावर पुढं धावण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी ६

अजून तक्ता केलेला नाही. विचार चालू आहे.

१७ जानेवारी, सोमवार

तक्ता केला.

इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढं माझ्याच मनात गैरसमज नको. कवडूच्या दहा चकरा आणि मधली नऊ विश्रांती मिळून एकूण वेळ बत्तीस मिनिटं चाळीस सेकंद झाला. हा आकडा खरा आहे. तो मैदानावर तेवढा वेळ होता. माझी एक चक्कर १ मिनिट १६ सेकंद. त्या हिशेबानं दहा चकरांना बारा मिनिटं चाळीस सेकंद. हाही आकडा खरा आहे, गुणाकार दोनदा तपासला.

तक्त्यात लिहिलं :

कवडू, दहा चकरा : ३२ मि. ४० से.
गोपाळराव, दहा चकरा : १२ मि. ४० से.

खोटं कुठंच नाही. पद्धत वेगळी आहे.

बडे बाबूंनी चष्मा वर करून बघितलं. वीस मिनिटांचा फरक! म्हणाले, गोपाळराव, तुम्ही तर छुपे रुस्तम निघाले. मग म्हणाले, कवडूचं वाईट वाटतं, साहेब त्याच्याबद्दल काही म्हणत होते. काय म्हणत होते ते मी विचारलं नाही. टेबलावर काम होतं.

१८ जानेवारी

साहेबांची सही झाली. माझं नाव गेलं. ऑफिसात टाळ्या. कवडूनंही वाजवल्या.

रात्रीच्या जेवणात भात नको वाटला.

२२ जानेवारी, शनिवार

ऑफिसातल्या मंडळींनी माझ्यासाठी पांढरी बंडी शिवून आणली. छातीवर लाल दोऱ्यानं ऑफिसचं नाव. पोटापाशी घट्ट होते. घरी घालून दाखवली. अरुंधतीनं बंडीचं कौतुक केलं आणि टाइम किती लागला ते विचारलं. तक्त्याची नक्कल माझ्या खिशात होतीच, दाखवली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘त्याच्या विश्रांतीचा वेळ धरला, तुमचा काहून नाही धरला?’

मी म्हटलं, माझी विश्रांती सलग नव्हती.

ती म्हणाली, ‘तुमची त संपलीच नव्हती.’

कागद घडी करून परत दिला. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

२५ जानेवारी, मंगळवार

आज सुभद्रा घरी आली होती, कवडूची बायको. हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन. मी आतल्या खोलीत होतो. खोकला आला तरी आवरला.

तिचं अरुंधतीशी बोलणं ऐकू येत होतं. कवडूची बदली फेब्रुवारी अखेरीस संपते. साहेबानं म्हटलं होतं, ऑफिसातर्फे शिपाई धावला आणि नाव काढलं तर त्याले पक्का करून घेईन. ‘हे म्हणत होते वं बाई, सव्वीस मैल त मले काहीच नाही. पण बाबूजीच जास्त जोरात धावते, म्हणे. वीस मिनिटाचा फरक आहे, म्हणे. मंग काय करता.’ आणि म्हणाली, बाबूजीच्या तब्येतीले ही भाजी चांगली राहते.

ती गेल्यावर अरुंधती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात भाजी. म्हणाली, ऐकलं न? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग?

मी म्हटलं, मला हे माहीत नव्हतं.

खरं आहे, माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, हे त्यापेक्षा जास्त खरं आहे. ही ओळ लिहिली, आता खोडत नाही.

भाजी चांगली झाली होती. दोनदा घेतली. त्याचंही वाईट वाटून राहिलं.

२६ जानेवारी, बुधवार

नाव बदलता येतं! मंडळाच्या नियमात आहे : शनिवार २९ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसनं लेखी कळवल्यास उमेदवार बदलता येईल. म्हणजे काहीच बिघडलेलं नाही. उद्या बडे बाबूंना सगळं सांगायचं. मन एकदम हलकं झालं. संध्याकाळी मैदानावर गेलो, पहिली चक्कर १.१७.

२७ जानेवारी

बडे बाबू रजेवर.

२८ जानेवारी

बडे बाबू आले होते. त्यांच्या टेबलाजवळ तीनदा गेलो. पहिल्यांदा ते लिहीत होते. दुसऱ्यांदा दुसरे लोक होते. तिसऱ्यांदा कोणी नव्हतं. ते म्हणाले, काय गोपाळराव? मी म्हटलं, लिहायला टाक हवा होता. त्यांनी टाक दिला. आता माझ्याकडे दोन टाक आहेत.

सांगायचं कसं, हीच अडचण आहे. एकदम सांगितलं तर माणूस दम लागून पडतो. हळूहळू, सारख्या वेगानं सांगायला पाहिजे.

२९ जानेवारी, शनिवार

शनिवार, अर्धा दिवस. ऑफिस दोनला सुटलं. बडे बाबू महालात राहतात, घरीच जाऊन सांगायचं ठरवलं. घरून चारला निघालो. वाटेत विचार आला, टांगा करावा की चालावं? घाई करून घाम येईल, घामेजलेला माणूस काही कबूल करायला आला की लोकांना भलतंच वाटतं. चालत गेलो. बडकस चौकात थोडं थांबलो. गल्लीच्या तोंडाशी थोडं थांबलो. दारात पोचलो तेव्हा आत घड्याळाचे पाच ठोके पडून गेले होते. पाच वाजून दहा मिनिटं.

बडे बाबू म्हणाले, या या! चहा घ्या. घेतला.

घरी आल्यावर अरुंधतीनं विचारलं, झालं? मी म्हटलं, मुदत संपली. तिनं विचारलं, किती वेळानं? मी म्हटलं, दहा मिनिटांनी. म्हणाली, विश्रांतीसकट?

३ फेब्रुवारी, गुरुवार

मार्ग सापडला. शर्यतीत प्रत्येक धावणाऱ्याबरोबर पाणी देण्यासाठी एक माणूस असतो. शक्यतो तो सायकलवर असावा. मी कवडूचं नाव दिलं. म्हणजे तोही शर्यतीत असल्यासारखाच. मी काही नाव काढलं तर साहेबांना सांगेन की यात कवडूचा मोठा वाटा आहे. न्याय असाही होतो.

कवडूला सायकल येत नाही. म्हणाला, मी बाजूनं धावीन जी. मी सांगितलं, थकलास की कुठंही बस, माझी काळजी करू नको.

६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ५.३०

झोप लागली नाही. आज सगळी भरपाई करायची. पहिला मैल सहा मिनिटांत नव्हे, आठ मिनिटांत. नव्हे, नऊ. कवडू सांगेल तसं. त्याचं ऐकायचं. बंडी घातली.

८ फेब्रुवारी, मंगळवार. अंथरुणातून

काल हात वर उचलवत नव्हता, म्हणून आज लिहीत आहे. जसं झालं तसं लिहितो.

सात वाजता इंदोरा नाक्यावर एकतीस जण उभे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. आमच्या ऑफिसची मंडळी आली होती, साहेब मोटारीत होते. शिटी झाली. कवडू माझ्या डाव्या हाताला, खांद्यावर पाण्याची छागल, कमरेला माझे जादा बूट. म्हणाला, ‘हळू बाबूजी. हळू.’ मी मान हलवली.

तेवढ्यात साहेबांनी मोटारीतून टोपी हलवली.

पहिल्या मैलाला मी सगळ्यांच्या पुढे होतो. हे कोणीही नाकारू शकत नाही. दुसऱ्या मैलालाही. मग एकेक जण बाजूनं जाऊ लागला. कामठीपर्यंत सगळे गेले. पोस्टातले पन्नाशीचे गृहस्थ गेले. ‘रामराम’ म्हणून गेले.

कवडू माझ्या वेगानं धावत होता, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. दर मैलाला पाणी देई. सांगे, ‘आता चाला जी, दोन मिनिट. मंग पुन्हा.’ आमच्याच पद्धतीनं. कन्हानच्या पुलावर माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. कठड्याला टेकून बसलो. तोवर एक तास पन्नास मिनिटं झाली होती, आणि दहा मैल.

मी हरलो असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पाच मिनिटं बसावं, मग उठून सगळ्यांना गाठावं, असा माझा विचार होता. फक्त समारंभ आधी उरकू नये एवढीच चिंता. खिशात कागद-पेन्सिल होती. चिठ्ठी लिहिली : ‘मी येत आहे. किंचित उशीर होईल. कृपया बक्षीस-समारंभ थांबवावा. — गोपाळराव.’ कवडूला दिली. म्हटलं, जितक्या लवकर जाता येईल तितक्या लवकर जाऊन पंचांच्या हातात दे.

त्यानं छागल माझ्याजवळ ठेवली, बूट ठेवले. विचारलं, ‘एकटे राहान जी?’ मी म्हटलं, जा. तो गेला. पुलाच्या पलीकडे टेकाडीकडच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो. नऊ वर्षं थैली घेऊन गेलेला माणूस चिठ्ठी कशी नेतो ते पाहिलं. पाय जमिनीला लागून राहिले होते की नाही, कळत नव्हतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मारोतरावांनी सांगितलं, ते रामटेकला पंचांबरोबर होते.

कवडूनं आमडीच्या अलीकडे अर्धे लोक मागे टाकले, मनसरला बाकीचे. गडाच्या पायथ्याला मांडवात फीत बांधली होती, ती त्यानं वाकून खालून ओलांडली, ती आपली नाही म्हणून. सरळ पंचांपुढं जाऊन उभा राहिला. इंदोऱ्याहून तीन तास पन्नास मिनिटं. ज्याला पहिलं बक्षीस मिळालं तो आठ मिनिटांनी आला.

लोक ओरडू लागले. पंचांनी नंबर विचारला. कवडू म्हणाला, नंबर नाही जी, चिठ्ठी आहे. अध्यक्षांनी चिठ्ठी उघडली आणि, काय असेल ते असेल, म्हणून मोठ्यानं वाचली.

मारोतराव म्हणतात की असा हशा त्यांनी उभ्या नोकरीत ऐकला नाही. या वेळी अतिशयोक्ती वाटत नाही.

मी धानाचं तणस घेऊन जाणाऱ्या एका बैलगाडीतून साडेतीनला रामटेकला पोचलो. मांडव सोडून राहिले होते. आमचे साहेब निघून गेले होते. कवडू माझ्यासाठी थांबला होता. त्यानं मला गाडीतून उतरवलं आणि कपड्यांवरचं तणस झटकलं.

९ फेब्रुवारी

कबुलीपत्र लिहायला घेतलं. ‘शास्त्रीय पद्धतीच्या अवलंबनात माझ्याकडून अनवधानाने जी तफावत...’ दोन पानं झाली. अरुंधतीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, यात चोरी कुठं आहे? मी म्हटलं, दुसऱ्या पानावर. ती म्हणाली, मला दिसली नाही.

१० फेब्रुवारी

नवं लिहिलं. ‘कवडू माझ्यापेक्षा चांगला धावतो हे मला माहीत होतं. तक्ता मी मुद्दाम तसा केला. त्याला पक्कं करावं.’ तीन ओळी. लिहायला दिवस गेला.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

या वेळी टेबलाजवळ एकदाच गेलो आणि कागद ठेवला. बडे बाबूंनी वाचला. पुन्हा वाचला. मी उभाच होतो. पोटऱ्या अजून बऱ्या नाहीत.

ते म्हणाले, आता हे कशाला? कवडू चाललाच आहे. रामटेकला जंगल खात्याचे साहेब हजर होते, त्यांनी तिथंच त्याचं नाव लिहून घेतलं. देवलापारकडे फॉरेस्ट गार्ड, पंधरा तारखेपासून. पक्की जागा.

मी विचारलं, मग माझ्या कागदाचं काय करायचं? ते म्हणाले, तुम्हीच ठेवा. फाईल बंद झाली. आणि हळू आवाजात म्हणाले, गोपाळराव, साहेबांना हे कळलं तर हसतील सुद्धा नाहीत.

कागद घरी आणला. मला वाटलं होतं, मी त्याची नोकरी परत मिळवून देईन. त्याला माझी गरज लागली नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

कवडू आणि सुभद्रा निरोप घ्यायला आली होती. उद्या गाव सोडणार. अरुंधतीनं सुभद्रेला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. मग चहा ठेवायला आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे फक्त बघितलं.

मी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कुठंही न थांबता. तक्ता, विश्रांती, गुणाकार. बडे बाबूंच्या दारातली दहा मिनिटं. सगळं.

कवडू बाजेच्या कडेला बसला होता. म्हणाला, ‘मले माहीत होतं बाबूजी.’

मी विचारलं, कसं?

‘तो कागद साहेबाच्या टेबलावर मीच त नेला होता. चौथी शिकलो मी. वाचता येते मले.’

मी विचारलं, मग काहून नाही बोलला?

तो म्हणाला, ‘तुमी बाबूजी. मी बदलीवरचा. मी बोललो असतो, त त्यायनं आकडे बघतले असते का तुमचा चेहरा?’

सुभद्रा दाराकडे तोंड करून बसली होती. तिला हे आजच कळलं असावं. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. नंतरही पाहिलं नाही.

मी म्हटलं, कवडू, माझी चूक झाली.

मला वाटलं तो म्हणेल, जाऊ द्या जी. किंवा, असं म्हणू नका जी. तो असंच काहीतरी म्हणतो नेहमी. मी त्यानंतरचं माझं वाक्यही मनात तयार ठेवलं होतं.

तो म्हणाला, ‘हो जी. झाली.’

अरुंधतीनं चहा आणला. दोघांनी घेतला. मग गेली.